डीसीसी रुळांवरचा प्रवाह: मल्टिमीटर की खास ॲमीटर?

मॉडेल रेल्वेच्या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांमधूनच वीज आणि आज्ञा देऊन गाड्या चालवण्याची पद्धत) रुळांवरचा प्रवाह मोजायला घरातल्या मल्टिमीटरवरच भागवावे की डीसीसीसाठी बनवलेला ॲमीटर घ्यावा, असे एका स्नेह्यांनी विचारले.

खरा प्रश्न अचूकतेचा आहे. डीसीसीमध्ये रुळांवर सतत उलटसुलट होणारा चौकोनी तरंग असतो; ‘१’ या बिटाचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, तर ‘०’चा साधारण १०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे वारंवारता सुमारे ५ ते ८.६ किलोहर्ट्झ. साध्या मल्टिमीटरची एसी मापनश्रेणी ५० हर्ट्झच्या ज्यातरंगासाठी (साइन वेव्ह) जुळवलेली असल्याने तिच्यावर विसंबता येत नाही, आणि डीसी श्रेणी तर जवळपास शून्य दाखवते. यावर स्वस्त तोड आहे: बूस्टरकडून (रुळांना वीज पुरवणारे उपकरण) रुळांकडे जाणारी एक तार तोडून तिच्यात ब्रिज रेक्टिफायरची (एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा जोड) एसी टोके जोडावीत आणि अधिक-उणे टोकांवर मीटर डीसी १० अँपिअरवर लावावा. आकडा बराच खरा येतो. मात्र सिलिकॉन ब्रिज सुमारे १.४ व्होल्ट खातो, शिवाय ३ अँपिअरला ४ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. मी एकदा त्याला बोट लावून पाहिले आणि तत्क्षणी मागे घेतले.

खास ॲमीटर त्याच तरंगासाठी घडवलेला असतो, बहुधा व्होल्टही दाखवतो आणि कायमचा जोडून ठेवता येतो. किंमत अर्थातच कितीतरी अधिक.

एखादे इंजिन किती प्रवाह ओढते एवढेच अधूनमधून पाहायचे असेल, तर ब्रिज व मल्टिमीटर पुरेसे आहेत. अनेक गाड्या एकाच वेळी धावणाऱ्या, वेगवेगळ्या पॉवर विभागांच्या मोठ्या मांडणीसाठी मी खास ॲमीटरच घेईन.