विंडोज सर्व्हर २०२५ स्टँडर्ड: पाच कार्यालयांना सर्व्हर किती लागतात?

वाळूजला कारखाना आणि मुख्य कार्यालय, नांदेड-लातूरला मोठ्या शाखा, जालना-परभणीला आठ-दहा माणसांची छोटी कार्यालये. अशा कंपनीने डोमेनसाठी, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन आणि हक्क एका जागेवरून चालवण्याच्या व्यवस्थेसाठी, कोटेशन मागवले की बहुतेक वेळा ‘जितक्या शाखा तितके सर्व्हर’ असाच हिशेब हातात पडतो. विकणाऱ्याला तो सोयीचा, सांभाळणाऱ्याला डोईजड. माल म्हणून विंडोज सर्व्हर २०२५ स्टँडर्ड ही मायक्रोसॉफ्टची सर्व्हर प्रणाली चांगली आहे आणि नवीन उभारणीत घ्यावी. पण दीड-दोनशे माणसांच्या या रचनेला तीन यंत्रे पुरतात: दोन वाळूजला, एक नांदेडला. लातूर, जालना आणि परभणीला एकही नको.

आधी कोटेशन नीट वाचा. स्टँडर्डचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर (गणन करणाऱ्या भागांवर) मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअर धरावेच लागतात. प्रोसेसर ८ कोअरचा असला तरी पैसे १६ चेच. २० कोअरचा घेतला तर वरच्या चारांसाठी २ कोअरचे दोन पॅक जास्तीचे. सर्व कोअर भरले की त्या यंत्रावर दोन व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आतले आभासी सर्व्हर) चालवता येतात, मात्र तेव्हा खालच्या मूळ विंडोजवर ती चालवणाऱ्या हायपर-व्हीशिवाय दुसरे काम ठेवायचे नाही. तिसरे मशीन हवे असेल तर सगळे कोअर पुन्हा मोजून पैसे भरा. म्हणून वाटणी सोपी ठेवावी: एका मशीनवर डोमेन कंट्रोलर (डीसी, लॉगिन तपासणारा सर्व्हर), दुसऱ्यावर फाइल सर्व्हर किंवा टॅली. ‘जागा आहे तर टॅली डीसीवरच टाकू’ हा आग्रह मोडून काढा. टॅलीवाल्याला ॲडमिन हक्क लागतात, आणि डीसीवरचा ॲडमिन म्हणजे साऱ्या कंपनीच्या किल्ल्या.

कोटेशनमधून हमखास गळणारी ओळ म्हणजे कॅल, सर्व्हर वापरणाऱ्याचा परवाना. फक्त लॉगिनसाठी डीसी वापरला तरी प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे एक कॅल लागतो, तोही २०२५ चा. जुने २०१६ किंवा २०१९ चे कॅल इथे चालत नाहीत. तीन पाळ्यांत एकच संगणक वापरणाऱ्या कारखान्यासाठी डिव्हाइस कॅल स्वस्त पडतो, लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही वापरणाऱ्या विक्रीवाल्यांसाठी यूजर कॅल. शाखांतून रिमोट डेस्कटॉपने टॅली उघडणार असाल तर आरडीएस कॅल वेगळा. तो नसताना १२० दिवस सगळे सुरळीत चालते, १२१ व्या दिवशी शाखांचे फोन सुरू होतात. पुरवठादाराचे बिल तोवर केव्हाच चुकते झालेले असते!

आता बिनसर्व्हरच्या शाखा. ‘लाइन गेली तर लॉगिन कसे होणार?’ ही शंका रास्त आहे, पण भीती जरा जास्तच. त्या संगणकावर आधी लॉगिन केलेल्या माणसाला लाइन नसतानाही आत जाता येते, कारण विंडोज मुळात शेवटच्या १० जणांची ओळख जपून ठेवते. अडतो तो त्या यंत्रावर पहिल्यांदाच बसणारा नवा माणूस. खरी कोंडी डीएनएसने, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेने, होते. शाखेच्या संगणकांना डीएनएस म्हणून फक्त वाळूजचे दोन डीसी दिले आणि व्हीपीएन (शाखेला वाळूजशी जोडणारी इंटरनेटवरची खासगी वाट) पडला, तर स्थानिक इंटरनेट धडधाकट असूनही एकही पान उघडत नाही. मग कुणीतरी दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) भरतो. इंटरनेट येते, पण आता संगणक अधूनमधून डोमेनचा पत्ता बाहेर विचारू लागतो, बाहेरून ‘असे काही नाही’ असे उत्तर येते, आणि कधी लॉगिनला पाच मिनिटे, कधी ग्रुप पॉलिसी (डोमेनवरून लावलेले नियम) लागत नाही, कधी शेअर गायब, असा लपंडाव सुरू होतो. शाखांमधल्या ‘सर्व्हर स्लो आहे’ या तक्रारीत आधी हाच रकाना तपासावा. उपाय स्वस्त आहे: शाखेच्या फायरवॉललाच डीएनएस करा, त्यात अंतर्गत डोमेनचे प्रश्न वाळूज-नांदेडच्या डीसीकडे आणि बाकीचे सगळे इंटरनेट पुरवठादाराकडे वळवा. संगणकांना डीएनएस म्हणून फक्त ही फायरवॉल द्या.

डोमेनचे नाव कंपनीच्या नोंदणीकृत नावाखाली ठेवावे, म्हणजे ‘एडी डॉट कंपनी डॉट इन’ या धर्तीचे. ‘डॉट लोकल’ टाळा. नावात शहर तर मुळीच घालू नका. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे २०२३ मध्ये बदलली. साइटचे (डोमेनमध्ये नोंदवलेल्या ठिकाणाचे) नाव दोन क्लिकमध्ये बदलते, डोमेनचे बदलणे म्हणजे घर पाडून बांधणे. लॉगिन नाव २० अक्षरांत बसते. जाधव, शिंदे, देशमुख प्रत्येक शाखेत निघणार, तेव्हा आडनावावर न जाता कर्मचारी क्रमांक वापरलेला बरा.

आयपीची आखणी सर्व्हर यायच्या आधी कागदावर करा. वाळूजला १०.२०.१०.०/२४, नांदेडला १०.२०.२०.०/२४, लातूरला १०.२०.३०.०/२४, याच क्रमाने पुढे. १९२.१६८.१.० कुठेही नको: घरोघरच्या राउटरवर तेच असते आणि घरून व्हीपीएन जोडणाऱ्याचा रस्ता तिथेच अडतो. नंतर ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये हे सगळे सबनेट (प्रत्येक ठिकाणचे आयपी गट) नोंदवायचे. जालना, परभणीचे सबनेट सरळ वाळूजच्या साइटला जोडा, लातूरचे ज्या बाजूची लाइन भरवशाची तिकडे. ही नोंद राहिली तर जालन्याचा संगणक शेजारचे वाळूज सोडून नांदेडला लॉगिन मागायला जातो. डीसीवरच्या नेटलॉगॉनच्या लॉगमध्ये ‘नो क्लायंट साइट’ अशा ओळी दिसल्या की कोणता सबनेट सुटला ते तिथेच कळते.

दोन साइटमधले रेप्लिकेशन, म्हणजे डीसींमधली माहितीची देवाणघेवाण, मुळात १८० मिनिटांनी होते. वाळूजला सकाळी दहाला बनवलेला यूजर नांदेडला दुपारी एकपर्यंत दिसला नाही, तर बिघाड शोधत बसू नका. वेळ १५ मिनिटांवर आणा, त्याखाली ती जात नाही. लाइन बरी असेल तर साइट लिंकच्या ‘ऑप्शन्स’मध्ये १ भरावा, म्हणजे बदल झाला की लगेच कळवला जातो. आजच्या फायबरवर हा भार नगण्य आहे.

लातूरला आरओडीसी, म्हणजे फक्त वाचता येणारा डीसी, सुचवला जातो. एकच लाइन असेल आणि माणसे सतत बदलत असतील तरच तो घ्यावा. घेतलाच तर तिथे साठवायच्या पासवर्डांच्या यादीत माणसांबरोबर संगणकांची खातीही घाला. हे नेमके विसरते, आणि लाइन गेल्यावर माणसाचा पासवर्ड हाताशी असूनही लॉगिन होत नाही.

२०२५ च्या स्वतःच्या खोड्या आता. नव्या डोमेनमध्ये एलडॅप साइनिंग, म्हणजे डीसीशी होणाऱ्या विचारपुशीवर डिजिटल सही, सक्तीचे आहे. जुने मल्टिफंक्शन प्रिंटर, हजेरीचे सॉफ्टवेअर, ५-७ वर्षांपूर्वीचे ईआरपी ३८९ पोर्टवर साधे बोलतात, ते पहिल्याच दिवशी तुटतात. बसवणारा सक्ती काढून मोकळा होतो. तसे करू देऊ नका, प्रमाणपत्र लावून त्यांना ६३६ या सुरक्षित पोर्टवर न्या. केर्बेरॉसचे (लॉगिनची ओळख पटवणाऱ्या पद्धतीचे) मूळ तिकीट, टीजीटी, आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शनने हा डीसी देत नाही, तेव्हा जुना एनएएस (नेटवर्कवरची साठवण पेटी) आधी तपासा. २०२५ च्या पूर्वार्धात डीसी रीस्टार्ट झाल्यावर फायरवॉल डोमेनऐवजी भलत्याच प्रोफाइलवर जात होती. ती दुरुस्ती जूनच्या अपडेटमध्ये आली. अधिक गंभीर होती ती मे महिन्यात अकामाईच्या संशोधकांनी उघड केलेली ‘बॅडसक्सेसर’ फट. कुठल्याही एका ओयूमध्ये (डोमेनमधल्या खात्यांच्या कप्प्यात) खाते बनवण्याचा हक्क असलेल्याला तिच्यातून पूर्ण डोमेन ताब्यात घेता येत होते. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटने ती बंद केली. तरी शाखेच्या आयटीवाल्याला ओयूवर ‘फुल कंट्रोल’ देण्याची सवय सोडाच, पासवर्ड रीसेटपुरता हक्क त्याला पुरतो.

जुने डोमेन पुढे न्यायचे असेल तर त्याची कार्यपातळी (फंक्शनल लेव्हल) किमान २०१६ ची हवी आणि सिसव्हॉल (डीसींमध्ये वाटले जाणारे धोरणांचे फोल्डर) डीएफएसआर या नव्या नक्कल पद्धतीवर हवा. २००३ पासून चालत आलेल्या डोमेनमध्ये तो अजून जुन्या एफआरएसवर सापडतो. २०१६ च्या सर्व्हरचा पाठिंबा १२ जानेवारी २०२७ ला संपतो, हेही लक्षात असू द्या.

घड्याळाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि सगळ्यांना बाहेर ठेवतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस नकार देते. होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे मूळ यंत्र) डीसीकडून वेळ घेतो, डीसी व्हर्च्युअल असल्याने होस्टकडून घेतो, आणि दोघेही हातात हात घालून मागे पडत जातात. पीडीसी एम्युलेटरची, म्हणजे डोमेनला वेळ देणाऱ्याची, भूमिका ज्या डीसीवर आहे, त्याचे हायपर-व्हीचे टाइम सिंक बंद करा आणि वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरकडून घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हेच सांगितले आहे, शिवाय १८० दिवसांचे लॉग जपायचे आहेत. डीसीचा सिक्युरिटी लॉग मुळात १२८ एमबीचा, तो इतके दिवस काही धरत नाही. लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची सोय कोटेशनमध्येच मागा.

नांदेडच्या खोलीबद्दल थोडे. साध्या सर्व्हरची हवा ३५ अंशांपर्यंतची गृहीत धरलेली असते. मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी एसी बंद करून कुलूप लावले तर सोमवारी काय मिळेल ते सांगायला नको. घरगुती इन्व्हर्टर चालणार नाही, ऑनलाइन यूपीएस हवा. त्याची यूएसबी केबल होस्टला जोडून आपोआप बंद होण्याची सोय केलेली हवी. ही केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच असते. अर्थिंग पावसाळ्याआधी मोजून घ्या, वळवाच्या विजा यूपीएसला जुमानत नाहीत.

जिनिंग किंवा साखर कारखान्याच्या हंगामी कार्यालयात डीसी नकोच. हंगाम संपला की मुख्य स्विच पाडतात. १८० दिवसांहून जास्त बंद राहिलेला डीसी पुन्हा जोडला तर केव्हाच पुसलेली खाती परत उगवू शकतात. असा सापडलाच तर नेटवर्कला न लावता पुसून नव्याने डीसी करा. बॅकअपलाही तीच मुदत आहे, १८० दिवसांपूर्वीचा सिस्टम स्टेट (डीसीच्या माहितीची प्रत) उपयोगाचा नाही.

सगळे काम ब्राउझर आणि ईमेलवर चालत असेल तर मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची लॉगिन सेवा एंट्रा आयडी पुरेल, सर्व्हर घेऊच नका. साम्बावर (लिनक्सवर चालणाऱ्या मोफत पर्यायावर) कॅलचा खर्च नाही, पण सिसव्हॉलची नक्कल आपणच आरसिंकने सांभाळायची. लिनक्स जाणणारा माणूस पगारावर असेल तरच तिकडे वळा.

शेवटचा हप्ता अडवून ठेवा आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला पुरवठादारासमोर वाळूजचा पहिला डीसी बंद करा. लातूरला लॉगिन आणि वाळूजला फाइल शेअर चालला पाहिजे. मग परभणीचा व्हीपीएन तोडा: जुन्या माणसाचे लॉगिन आणि इंटरनेट दोन्ही चालायला हवेत. सगळे परत जोडून रेपॲडमिन या रेप्लिकेशन तपासणाऱ्या आज्ञेच्या सारांशात चुका शून्य दिसल्या, की डीएसआरएमचा (डीसी बिघडल्यावर दुरुस्तीसाठी लागणारा) पासवर्ड लिहिलेले बंद पाकीट मागून घ्या आणि मग चेकवर सही करा.