एरिक डेटाबेस: शाळाबाह्य मुलांवर काम करताना आलेला अनुभव

शाळाबाह्य मुले, गळती, स्थलांतर, मुलींचे शिक्षण यांपैकी कशावरही ज्याला नेटाने काम करायचे आहे, त्याने एरिक वापरायला शिकावेच, असे माझे मत झाले आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, राहते सोलापुरात, आणि पीएच.डी.ला विषय घेतला आहे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचा. गेल्या पावसाळ्यापासून स्वयंपाकपाणी उरकले की बहुतेक रात्री ही साइट उघडून बसते.

एरिक हा अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा शिक्षणविषयक संशोधनाचा संग्रह. १९६० च्या दशकात तो सुरू झाला आणि आज त्यात १५ लाखांहून जास्त नोंदी आहेत. नाव नोंदवावे लागत नाही, पैसे लागत नाहीत. विद्यापीठाच्या आवारातूनच उघडणारे महागडे डेटाबेस केगावला, सोलापूर विद्यापीठात, जाऊन वापरायचे, तर नोकरी करणाऱ्या माणसाला ते जमत नाही. इथे रात्री अकरालाही काम होते.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. 'ईजे'ने सुरू होणारा क्रमांक नियतकालिकातल्या लेखाचा, 'ईडी'ने सुरू होणारा बाकीच्या साहित्याचा: प्रकल्प अहवाल, परिषदेतले निबंध, सरकारी पाहण्या. ईजेच्या पुष्कळ नोंदींत फक्त सारांश मिळतो, पूर्ण लेख प्रकाशकाकडे विकत. ईडीच्या पुष्कळ नोंदींत अख्खी पीडीएफ तिथल्या तिथे उतरवता येते. शोधाच्या चौकटीजवळ दोन खुणा करता येतात, एक तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांपुरती आणि दुसरी पूर्ण मजकूर उपलब्ध असलेल्या नोंदींपुरती. मार्गदर्शक पहिली खूण करायला सांगतात. प्रबंधासाठी त्यांचे म्हणणे बरोबरच आहे, पण विषय नवा असताना ती करू नका असे मी आग्रहाने सांगेन. ती केली की प्रकल्प अहवाल जवळजवळ सगळे गळून पडतात, आणि शाळेत, वस्तीवर प्रत्यक्ष काय घडले ते बहुतेक वेळा त्या अहवालांतच असते.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे तिथला थिसॉरस. मनात येईल तो शब्द टाकून शोधले तर हजारो नोंदी अंगावर येतात. एरिकची स्वतःची ठरलेली विषयनामे आहेत. 'ॲक्सेस टू एज्युकेशन' हे त्यातलेच एक. त्यावर टिचकी मारली की त्याच्या पोटातले, वरचे आणि शेजारचे विषय समोर येतात. तसे हिंडताना मला 'मायग्रंट चिल्ड्रेन' आणि 'सीझनल लेबरर्स' ही दोन नामे सापडली. दोन्ही एकत्र टाकली आणि माझ्या कामाची दिशाच बदलली.

अमेरिकेत शेतमजुरांची कुटुंबे पिकांमागे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरतात. टेक्सासमधून निघायचे, उत्तरेकडे जायचे, हंगाम संपला की परत. त्यांच्या मुलांसाठी तिथे १९६६ पासून केंद्र सरकारचा वेगळा कार्यक्रम आहे. मूल नव्या शाळेत गेले की त्याची जुनी माहिती तिथे पोहोचावी म्हणून अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात एक मोठी संगणक यंत्रणा उभी केली होती. मूल कुठे शिकले, काय शिकले, लसी कोणत्या टोचल्या, सगळे त्यात. १९९५ मध्ये ती बंद झाली. ती का उभारली, माहिती उशिरा आणि अपुरी पोहोचते ही तक्रार कशी वाढत गेली, हे सगळे त्या काळच्या अहवालांत जागोजागी आहे.

शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्या हातातले कागद बघून म्हणाले, "बाई, अमेरिकेचं आपल्याला काय करायचंय?" मी म्हटले, "सर, आपलं शिक्षण हमी कार्ड घ्या. पोरगं कारखान्यावर जाताना आपण कार्ड देतो. तिथल्या शाळेनं ते बघितलं का, त्यावर काही लिहिलं का, परत आल्यावर आपण ते कुणाला दाखवलं का?" त्यांनी चष्मा काढून तो अहवाल मागून घेतला आणि मधल्या सुट्टीत वाचत बसले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कायदा आपल्याकडे चांगला आहे. मूल पाचटाच्या कोपीत आणि पट गावच्या शाळेत, ही फट कशी बुजवायची ते मात्र ज्यांनी आधी करून बघितले त्यांच्याकडूनच कळते.

आणखी एक धन इथेच हाती लागले. २००६ ते २०११ या काळात इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाच्या पुढाकाराने 'क्रिएट' नावाचा संशोधन प्रकल्प चालला. त्यात शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाचे काम करणारी दिल्लीची नीपा, त्या वेळची न्यूपा, ही राष्ट्रीय संस्थाही होती. शाळेपासून वंचित राहण्याचे त्यांनी टप्पे पाडले. कधीच दाखल न झालेली मुले, प्राथमिकमधून गळालेली, प्राथमिक पूर्ण करून पुढे न गेलेली, आणि ज्यांच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही अशी: पटावर नाव आहे पण हजेरी तुटक, शिकणे जवळजवळ थांबलेले. त्यांच्या २००८ च्या एका निबंधाचा विषयच हंगामी स्थलांतर आणि मुलांचे शिक्षण हा आहे. तो वाचून मी माझ्या वर्गाची हजेरी पुन्हा काढून बसले. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत एकही नाव न येणाऱ्या गावात जानेवारीतली हजेरी काय सांगते, ते प्रत्येक शिक्षकाने एकदा बघावे. आणि हे ऊसतोडीपुरते नाही. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतली सातवीची मुलगी पटावर असते, पण घरी आईचा विड्यांचा आकडा पुरा व्हायचा असतो म्हणून सूप पुढ्यात घेऊन पाने कापायला बसते. आठवीनंतर तिचे काय होते हा क्रिएटच्या मांडणीतला वेगळा टप्पा आहे, आणि तो वेगळा मोजायला हवा हे मला तिथेच पटले.

आता मर्यादा. एरिकमधले साहित्य बहुतांशी इंग्रजी आणि अमेरिकेकडे झुकलेले. ठिकाण 'इंडिया' निवडले की नोंदी येतात, पण ऊसतोड, विडी, यंत्रमाग यांवर तिथे फारसे काही मिळत नाही. मराठीत झालेले काम तर तिथे गृहीतच नाही. साखरशाळा (कारखान्यावरच्या हंगामी शाळा), हंगामी वसतिगृहे, बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणारे शिक्षक) हे सगळे आपल्याला आपल्याच कागदांत शोधायचे. त्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची शोधगंगा ही साइट लागते. तिथे भारतीय विद्यापीठांतले प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतात, मराठीतलेसुद्धा. मी दोन्ही साइट शेजारी उघडून काम करते: प्रश्न कसा विचारायचा ते एरिकवरून, आपल्या जिल्ह्यांत काय आढळले ते शोधगंगेवरून. नुसत्या एरिकवर प्रबंध उभा केला तर त्यात सोलापूर दिसणार नाही, आणि नुसते आपलेच वाचले तर तेच चार निष्कर्ष फिरून फिरून येतात.

जुन्या ईडी नोंदी मायक्रोफिशवरून, म्हणजे पानांच्या बारीक छायाचित्रांच्या फिल्मवरून, स्कॅन केलेल्या आहेत. काही पानांची अक्षरे फिकट, तक्ते वाचायला डोळे ताणावे लागतात, मोबाइलवर तर नकोच. शिवाय सरकारी संग्रह सरकारच्या मर्जीवर चालतो. २०१२ मध्ये जुन्या कागदांत लोकांची खासगी माहिती सापडली म्हणून पूर्ण मजकुराच्या फाइली एकदम काढून घेतल्या होत्या आणि तपासून हळूहळू परत ठेवल्या. २०२५ मध्ये निधीला कात्री लागली आणि नव्या नोंदींसाठी घेतल्या जाणाऱ्या स्रोतांची यादी आखडली. इतक्या मुलांची इतक्या वर्षांची हकिकत एका अंदाजपत्रकावर टांगलेली असावी याचे मला खरोखर वाईट वाटते.

म्हणून उपयोगाची पीडीएफ दिसली की 'नंतर बघू' म्हणू नका, लगेच उतरवा. फाइलच्या नावात ईडी क्रमांक आणि साल ठेवा, संदर्भसूची करताना तोच लागतो. गाळप सुरू झाले की आमच्याकडची मुले निघतात. त्याआधी, ज्या शाळांत ती जाऊन बसणार तिथल्या शिक्षकांवर काही अभ्यास झाले आहेत का, हे मला तपासायचे आहे. 'मायग्रंट एज्युकेशन' आणि 'टीचर ॲटिट्यूड्स' ही दोन नामे एकत्र टाकून सुरुवात केली आहे. याच विषयावर कुणी मराठीत काम केले असेल तर कळवा.