सागवान सांगून एमडीएफ गळ्यात मारलं: खिडक्यांच्या झडपा करून घेणाऱ्यांनी वाचावं

दुकानाचं नाव इथं लिहीत नाही. एक तर प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि नाव कळून तुमचा फार फायदाही नाही. तीच युक्ती दुसऱ्या पाटीखाली चालू असणार. युक्ती मात्र सविस्तर सांगतो.

आमचं घर सोलापुरात विजापूर रोडला, आणि हॉलच्या तिन्ही खिडक्या पश्चिमेला. सोलापुरात राहणाऱ्याला यापुढं काही सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला टेकतो, दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यावर, आणि भिंती इतक्या तापतात की रात्री अकराला हात लावला तरी कोमट लागतात. जाड पडदे लावले तर ऊन अडतं, पण वाराही अडतो, आणि त्यात लाईट गेली की बघायलाच नको. म्हणून जुन्या बंगल्यांना असायच्या तशा तिरक्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा बसवायचं ठरलं. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला असला की ऊन आणि पावसाचा शिंतोडा बाहेरच राहतो आणि वारा आत येतो. कल्पनेत काही खोट नव्हती, अजूनही नाही.

अशा झडपा हातानं करणारे सुतार आता कमी. पट्टी बसवायची प्रत्येक खाच त्याच कोनात मारायची म्हणजे वेळखाऊ काम. त्यामुळं तयार माल देणाऱ्या दुकानात गेलो. मालकानं टेबलावर झडपेचा एक कापलेला कोपरा ठेवला. वीतभर उभी पट्टी, वीतभर आडवी, मध्ये दोन तिरक्या पट्ट्या. पॉलिश न केलेला. कापलेल्या टोकाला वर्षांची वलयं स्पष्ट, रंग सोनेरी तपकिरी, आणि सागवानाला नवं कापल्यावर येतो तो कातड्यासारखा, किंचित तेलकट वास. "हुंगून बघा सर," म्हणाला. हुंगलं. तो कोपरा अस्सल सागवानाचा होता यात आजही शंका नाही. पुढची सगळी इमारत त्या एका कोपऱ्यावर उभी होती.

भाव चौरस फुटाला 1,350 रुपये. तीन खिडक्यांचे 60 चौरस फूट, म्हणजे 81,000 आणि वर जीएसटी. "बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील की सर," हेही लगेच आलं. मी बिलच मागितलं. पुढं जे काही हाती लागलं ते त्या बिलामुळंच. 50,000 ॲडव्हान्स दिले. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं, त्यात "टीक लूव्हर शटर", म्हणजे सागवानी पट्ट्यांची झडप, एवढंच लिहिलेलं. जाडी नाही, पट्ट्या कशाच्या ते नाही.

माल आला तो दिवस मावळताना, पॉलिश होऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. बसवणारी पोरं वेगळीच, त्यांना कशाचंच काही माहीत नाही. "पॉलिश करूनच येतं काका, धूळ बसत नाही." दिव्याच्या उजेडात झडपा झकास दिसत होत्या. एक उचलून बघितली, चांगली जड लागली. इथं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण निम्मी फसवणूक या समजुतीवर चालते. जड म्हणजे अस्सल, हलकं म्हणजे नकली, असं आपण धरून चालतो. सागवानाचं वजन घनमीटरला साधारण 650 किलो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक तंतूभुसा डिंकात दाबून केलेला तक्ता, घनमीटरला 700 किलो किंवा त्याहूनही जास्त भरतो. म्हणजे उचलून बघणाऱ्याला नकली मालच जास्त अस्सल वाटणार! बोटानं ठोकून बघणं त्याहून निरुपयोगी. दुकानदार स्वतःहून "उचलून बघा, ठोकून बघा" म्हणाला तर तो तुम्हाला काहीच दाखवत नाहीये.

पहिली शंका आईला आली. ती दुपारी खिडकीशी शेंगा फोडत बसते. एक दिवस म्हणाली, "अरे, ही गाठ बघ. वरच्या पट्टीवर पण अशीच आहे की." बघितलं तर खरंच. डोळ्याच्या आकाराची एक काळसर गाठ, तिच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ. तीच गाठ, तीच रेघ, तीन पट्ट्या सोडून वर पुन्हा, आणि शेजारच्या झडपेवर पुन्हा. झाडाला एकसारख्या दोन गाठी येत नाहीत. येतात त्या छापील कागदाला. पट्ट्यांवर लाकडाच्या नक्षीचा कागद चिकटवून वरून पॉलिश मारलेलं होतं.

दुकानात फोन केला. "सर, एकाच ओंडक्याच्या पट्ट्या आहेत, म्हणून सारख्या दिसतात." ऐकायला पटण्यासारखं आहे, नाही? एका ओंडक्यातून ओळीनं कापलेल्या दोन पट्ट्यांत साम्य असतं हे खरं, पण गाठ सरकत जाते, लहान-मोठी होते. हुबेहूब राहत नाही.

मग मेमध्ये वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग आडवा पाऊस, सगळा पश्चिमेकडून. दुसऱ्या दिवशी खालच्या दोन-तीन पट्ट्या चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या होत्या. कडेचा कागद सुटून आतला तपकिरी लगदा दिसत होता. मधल्या खिडकीची झडप खाली बसून चौकटीला घासायला लागली, कारण वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले होते. झडपेचं सगळं ओझं बिजागरीवर येतं.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे सुतार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना बोलावलं. त्यांनी झडपेच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टूल घेतलं, वर चढले आणि झडपेच्या माथ्यावर बोट फिरवलं. वरच्या कडेला, जिथं कुणी बघत नाही तिथं, पॉलिश नव्हतं, नुसता तपकिरी रंग फासलेला. मग मामांनी वरच्या पट्टीच्या कडेला पटाशी लावली. "बघा, साल निघतीय का? पीठ निघतंय." खरंच, लाकडाची वळलेली साल निघायच्या ऐवजी रव्यासारखा भुसा सांडत होता. मग त्यांनी बिजागरी उघडली. तिच्याखालच्या खाचेत तीन थर दिसले: वर कागदाइतकं पातळ सागवानी व्हिनियर, त्याखाली पांढुरक्या लाकडाचे बोटासारखे एकमेकांत अडकवलेले तुकडे, मध्ये डिंकाची रेघ. म्हणजे झडपेची चौकट कुठल्यातरी स्वस्त लाकडाच्या तुकड्यांची, तिच्यावर सागवानाचं कातडं, आणि पट्ट्या एमडीएफच्या, तेही छापील कागद लावलेल्या.

हे बिजागरीचं लक्षात ठेवा. पॉलिश तोंडावर सगळीकडे पोचतं, माथ्यावर आणि बिजागरीच्या खाचेत सहसा पोचत नाही. माथा आणि खाच, या दोन जागा खोटं बोलत नाहीत. अस्सल लाकडात तोंडावरची रेघ कडेवरून वळून टोकाला वलयांत जाऊन मिळते. व्हिनियर असेल तर ती कडेशी आली की तुटते. कडेच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब ठेवा. सागवानाच्या गाभ्यात तेल असतं, थेंब बराच वेळ तसाच राहतो. एमडीएफ पाणी पितं आणि तिथं खरखरीत फुगवटा येतो.

दुकानदाराशी समोरासमोर बोलणं झालं तेव्हा त्याची भाषा बदलली. आधी "फिनिश टीकचाच आहे ना सर". मग "चौकट टीकचीच आहे, वरून तरी". आणि शेवटी: "खरं सांगू का, सोलापूरच्या उन्हात अस्सल लाकूड टिकतच नाही. वाकतं, फाटतं. तुमच्या भल्यासाठीच दिलं हे." मला सगळ्यात जास्त चीड या वाक्याची आली, कारण त्यात अर्धं खरं आहे. ओलं, नीट न वाळवलेलं सागवान आणून झडप केली तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ती आकसते, जोड उघडे पडतात, पट्ट्या खडखडतात. भट्टीत वाळवून ओलावा 8 ते 12 टक्क्यांवर आणलेलं लाकूड असं करत नाही. दोन पिनांचं ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आणि चांगल्या वखारवाल्याकडे ते असतं. पण "अस्सल टिकत नाही म्हणून नकली दिलं" असं म्हणणाऱ्यानं पैसे अस्सलचे का घेतले, याला उत्तर नव्हतं.

नकली लाकूड वाईटच, असं माझं म्हणणं नाही. बाथरूमच्या, मोरीच्या खिडकीला डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लॅस्टिक) किंवा यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) खुशाल लावा. पाण्यानं सडत नाही, वाळवी लागत नाही, पॉलिशचा खर्च नाही. आपल्या काळ्या मातीत वाळवीचा उपद्रव आहे, हे कुणाला सांगायला हवं? पण पश्चिमेच्या उन्हात प्लॅस्टिकची लांब गडद पट्टी लावण्याआधी विचार करा. पीव्हीसीची 1 मीटरची पट्टी 30 अंशांच्या फरकानं जवळजवळ 2 मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकांना अडकवलेली असेल तर जाणार कुठं? मध्येच वाकते. लाकडी नक्षीचं पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम तापतं, पण सरळ राहतं. एमडीएफलाही जागा आहे. घराच्या आत, जिथं पाण्याचा थेंब येत नाही तिथं ते रंग छान धरतं, वाकत नाही. फक्त ते एमडीएफच्या भावात मिळालं पाहिजे. त्याच मापाचा एमडीएफचा भाव मी नंतर दुसरीकडे काढला, तर माझ्या भावाच्या निम्म्याच्याही खाली आला.

सागवानातही गंमत कमी नाही. मामा म्हणतात, सागवान विचारू नका, गाभा विचारा. झाडाचा बाहेरचा पांढुरका थर आणि आतला तपकिरी गाभा एकाच झाडाचे, पण वाळवी बाहेरच्या थराला लागते, गाभ्याला सहसा लागत नाही. पॉलिशमध्ये रंग मिसळला की दोन्ही सारखे दिसतात. बल्लारशाच्या सागवानाचं नाव सांगून आफ्रिकेचं सागवान विकतात. घानाचं सागवान हे सागवानच, झाड तेच, पण लागवडीतलं, कमी वयाचं, त्यामुळं पांढरा थर जास्त. ते घेऊ नये असं नाही, त्याच्या भावात घ्यावं. "आफ्रिकन टीक" नावाखाली मात्र सागवानाशी नातं नसलेली झाडंही खपवली जातात.

आता बिलाकडे येतो. ते मला माल बसल्यावर, पुन्हा पुन्हा मागून मिळालं. त्यावर "लाकडी शटर" असं लिहून पुढं एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीचा आकडा, होता: 4411. तो कुणी मुद्दाम खरा लिहिला की कारकुनानं सवयीनं टाकला, कुणास ठाऊक. जीएसटीच्या यादीत 4411 म्हणजे फायबरबोर्ड, ज्यात एमडीएफ येतं. लाकडी दारं-खिडक्यांचं सुतारकाम 4418 मध्ये, कापीव लाकूड 4407 मध्ये, प्लॅस्टिकची दारं-खिडक्या-शटर 3925 मध्ये. हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कोटेशनवरच कोड मागा. तोंडानं सागवान म्हणणारा माणूस कागदावर 4411 लिहिताना अडखळतो.

बिलाच्या तळाला "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हेही छापलेलं होतं. असं छापून कुणाची सुटका होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदतच दिली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. दुकानाकडून उत्तर आलं की माल मापानुसार बनवलेला आहे, परत घेता येत नाही. त्यानंतर रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, सोबत बिजागरीच्या खाचेचे आणि फुगलेल्या पट्ट्यांचे फोटो. दिवसाउजेडी काढलेले, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग फोन आला आणि 30,000 परत मिळाले, "संबंध राहावेत म्हणून".

नोटीस देण्याआधी झडपा काढून फेकू नका. जिल्हा ग्राहक आयोगाला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण नमुनाच नसेल तर पाठवणार काय? आमच्या झडपा गच्चीवर ताडपत्रीखाली आहेत.

मधल्या काळात मामांकडून हॉलच्या खिडक्यांच्या झडपा करून घेतल्या. वखारीत त्यांच्याबरोबर जाऊन लाकूड निवडलं. झडपा जोडून तयार झाल्या की पॉलिशच्या आधी बघायच्या आणि त्यानंतरच निम्मे पैसे द्यायचे, ही अट त्यांनीच घातली. "पॉलिश झाल्यावर मीही ओळखू शकत नाय," म्हणाले. खर्च दुकानापेक्षा थोडा जास्त आला आणि वेळ बराच जास्त लागला. पश्चिमेची हॉलची खोली आता दुपारी बसण्यासारखी झाली आहे.

उरलेल्या पैशांसाठी जिल्हा आयोगात अर्ज करतोय. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. कुणाकडे याच तऱ्हेचं बिल असेल तर त्यावरचा कोड आधी बघा आणि मुदत मोजा.