नाशिकमध्ये बसून पीआर की तिकडे जाऊन? दोन वाटांचा हिशेब

जर्मनीहून सुट्टीला नाशिकला आलो की पहिल्या आठवड्यात कोणीतरी कागदांची फाइल घेऊन येतंच. या वेळी मावसभावाचा मित्र आला. वय ३४, मेकॅनिकल, अंबडमध्ये क्वालिटीला आठ वर्षं, बायको एमकॉम, मुलगी दोन वर्षांची. त्याचा प्रश्न होता, "कॅनडा की जर्मनी?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आधी ठरवायचं ते हे की अनिश्चिततेची दोन-तीन वर्षं कुठे काढायची, इथे पगार चालू ठेवून की तिकडे भाड्याच्या घरात.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची वाट पहिल्या प्रकारची. अर्ज ऑनलाइन, गुण मोजून निवड, आणि कायमच्या वास्तव्याचा कागद, म्हणजे पीआर, हातात आल्यावरच विमान. बहुतेकांना कोणी समोर बसवून काही विचारत नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक चक्कर आणि मेडिकल, एवढंच काय ते प्रत्यक्ष. जर्मनीचं उलटं. आधी नोकरी, मग ब्लू कार्ड (पदवीधरांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना), मग ठरावीक महिने भरल्यावर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन अर्ज.

कॅनडाची पद्धत, एक्स्प्रेस एन्ट्री, २०१५ पासून आहे. एकूण गुण १,२००. लग्न झालेल्या अर्जदाराला २९ पर्यंत वयाचे १०० गुण, नंतर चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच वजा. या मित्राचा हिशेब आम्ही चहा होईपर्यंत केला. वयाचे ७५, डिग्रीचे ११२, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हीत ७ आले तर भाषेचे ११६, डिग्री आणि कॅनडाबाहेरच्या (म्हणजे अंबडच्याच) अनुभवाच्या जोडगुणांचे ७५, बायकोचे पंचवीसच्या आसपास. झाले चारशे. आता दुसरी बाजू. सोडत म्हणजे इथे लॉटरी नाही, वरच्या गुणांपासून खाली बोलावत जाण्याची फेरी. २०२५ मध्ये कॅनडातच काम केलेल्यांच्या सोडतीही ५१० च्या वर बंद झाल्या. नाशिकमध्ये बसलेल्या माणसासाठी खुल्या म्हणाव्यात अशा सर्वसाधारण सोडती २०२४ च्या एप्रिलनंतर जवळपास थांबल्या. उरलं काय? एखाद्या प्रांताने निवडलं तर थेट ६०० गुण मिळतात. नाहीतर फ्रेंच, कारण त्या गटाचा कटऑफ चारशेच्या आसपासही उतरलेला आहे. आरोग्यसेवेचा गट वेगळा आहे. नर्सिंग झालेल्यांनी माझा हा निराशेचा परिच्छेद स्वतःला लावून घेऊ नये. आणि नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. तरीही "ऑफर लेटर मिळवून देतो, गुण वाढतील" म्हणणारे सल्लागार अजून भेटतात. त्यातल्या एकाला मित्राने चाळीस हजार देऊन झाले होते.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात सांगतो. किमान ६५ गुण लागतात, पण तेवढ्यावर बोलावणं येईलच असं नाही. वयाचे गुण २५ ते ३२ मध्ये ३०, पुढे ३९ पर्यंत २५. पंचेचाळिशीनंतर दार बंद. इंजिनिअरला आधी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून कौशल्याची तपासणी करून घ्यावी लागते. ४९१ नावाचा व्हिसा १५ गुण वाढवून देतो, पण तो मोठी शहरं सोडून राहण्याचा आणि पाच वर्षांचा तात्पुरता. कायमसाठीचा अर्ज तीन वर्षांनी. म्हणजे तीही अर्धी जर्मनीसारखीच वाट झाली.

या पहिल्या वाटेत आपली माणसं अडकतात ती कागदांवर. मार्कांचं ट्रान्स्क्रिप्ट पुणे विद्यापीठातून काढावं लागतं, ते एक वेळ होतं. खरी अडचण अनुभवाच्या पत्राची. एमआयडीसीतल्या कंपन्या देतात ते दोन ओळींचं: अमुक ते तमुक काळात काम केलं, वागणूक चांगली. कॅनडाला हवं असतं ते कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, आणि ते वर्णन त्यांच्या व्यवसाय-यादीतल्या कोडशी जुळायला हवं. पहिली तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपत्रकावर काढली असतील तर पत्र कोणाचं घेणार? हे राजीनामा देण्याआधी, एचआरशी संबंध गोड असतानाच उरकावं. खोटं पत्र जोडून पकडलं गेलं तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही.

दुसरी अडचण पैशाची. २०२५ च्या आकड्यानुसार एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर शिल्लक दाखवावी लागते, तिघांना २३,३६०. पैसे रोख स्वरूपात आणि स्वतःचे लागतात, कर्जाऊ नाही. पिंपळगावची द्राक्षबाग कितीही लाखांची असली तरी यात धरत नाहीत.

आता जर्मनी. इथे गुण नाहीत, नोकरी लागते. ब्लू कार्डसाठी २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगार हवा होता, इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रात ४३,७५९.८०. हा आकडा दरवर्षी बदलतो. चौतीस वर्षांचा असो की एकोणचाळीसचा, अट तीच. या मित्रासाठी मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरीची मोकळीक असते आणि तिला आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही. आधी नोकरी मिळत नसेल तर जून २०२४ पासून चान्सनकार्टं आहे. वर्षभर तिथे राहून शोधा, पण खर्चाची सोय आधी दाखवा. मुलगी लहान असताना मी तरी ते करणार नाही.

ब्लू कार्डवर बी१ (मध्यम पातळीचं) जर्मन असेल तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, ए१ वर (अगदी सुरुवातीची पातळी) २७ महिन्यांनी. मी गेलो तेव्हा ए१ वाल्यांना ३३ महिने लागायचे. म्हणून मी बी१ केलं, आणि ते नाशिकमध्ये सुरू केलं नाही याचा अजून पश्चात्ताप होतो. दिवसभर काम करून रात्री व्याकरण डोक्यात शिरत नाही. परीक्षा पुण्यात मॅक्सम्युलर भवनला देता येते. सिन्नर-संगमनेरमार्गे पाच तासांचा रस्ता, पण तिकडच्या हिवाळ्यातल्या संध्याकाळच्या क्लासपेक्षा सोपा.

प्रत्यक्ष अर्ज म्हणजे काय हे इथून कळत नाही. आधी वेळ मिळवायची, मोठ्या शहरांत त्यालाच महिने जातात. मग पासपोर्ट, नोकरी चालू असल्याचं मालकाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार, भाषेचं प्रमाणपत्र आणि देशाच्या कायदा-समाजावरची ३३ प्रश्नांची परीक्षा पास झाल्याचा कागद. मी पेन्शन विमा किती महिने भरला त्याचा उतारा न्यायला विसरलो. टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे फाइल परत केली, पुढची वेळ दोन महिन्यांनंतरची. त्या दोन महिन्यांत आमच्या विभागात कपातीची चर्चा सुरू झाली. या वाटेची खरी किंमत ही: मधे नोकरी गेली तर परवान्यालाच धोका. कॅनडात उतरलेल्या माझ्या मावसभावाला पहिल्या आठ महिन्यांत स्वतःच्या क्षेत्रातली नोकरी मिळाली नाही, पण परत जा असं त्याला कोणी म्हणू शकत नव्हतं.

आई-वडील इंदिरानगरला एकटे असतील तर आणखी एक फरक तपासा. कॅनडात दर पाच वर्षांत ७३० दिवस तिथे असायला हवं, म्हणजे वडिलांच्या आजारपणात सलग वर्षभरही इथे राहता येतं. जर्मनीत ब्लू कार्डवरून आलेला कायमचा परवाना सलग १२ महिने बाहेर राहिलं की जातो, इतरांचा सहा महिन्यांतच. माझ्या घरी हाच मुद्दा सगळ्यात जास्त चर्चेला आला.

वय ३० च्या आत, लग्न नाही, इंग्रजी पक्कं आणि फ्रेंचला दीड वर्ष द्यायची तयारी असेल तर मी कॅनडाचा अर्ज टाकायला सांगेन. चूक झाली तरी नोकरी शाबूत राहते. ऑस्ट्रेलिया मी आयटीवाल्यांनाही मनापासून सुचवत नाही, पण ते माझं मत. मित्राला जर्मनी सांगितलं. सातपूर-अंबडमधला जर्मन कंपन्यांसाठी सुटे भाग बनवण्याचा अनुभव तिथे मुलाखतीत समजतो, गुणांच्या तक्त्यात नाही.

सल्लागार घ्यायचाच तर कॅनडासाठी फी घेण्याचा हक्क परवानाधारक सल्लागार आणि वकिलांनाच आहे. त्याचं नाव त्यांच्या नोंदणी यादीत स्वतः शोधा, त्याने दाखवलेल्या फ्रेममधल्या प्रमाणपत्रावर जाऊ नका.

आणि देश ठरायच्या आधीच करता येईल असं एक काम. मित्राच्या बायकोच्या डिग्रीवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच प्रकारे लिहिलंय. दोन्ही वाटांवर हा प्रश्न येणार. सोमवारी तो महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाणार आहे.