पोर्टेबल हार्ड डिस्क + फाइल हिस्टरी : वर्षभर वापरल्यावर

2 टीबीच्या डिस्कची माहिती डब्यावर असते, ती परत लिहीत नाही. डब्यावर लिहीत नाहीत ते तिच्या सॉकेटबद्दल. ते रुंद, चपटं मायक्रो-बी. केबलला जरा हात लागला की डिस्क गायब, कॉपी अर्धवट. नवी केबल आणली, फरक शून्य. सॉकेटच ढिलं.

आमचं काम डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका वगैरे छपाईसाठी तयार करायचं. फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय विंडोज 8 पासून फुकट मिळतेय आणि तासातासाला बदललेल्या फाइलची वेगळी प्रत ठेवते. "पहिलंच डिझाइन बरं होतं हो," असं गिऱ्हाईक म्हणालं की कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली जुनी फाइल काढून द्यायची. एवढ्यासाठी पाच तारे देणार होतो. (प्रती कायम ठेवायचं सेटिंग आधी बदला, नाहीतर डिस्क भरते.)

डिस्क वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, बदलून देऊ, पण डेटा मिळणार नाही आणि जुनी डिस्क इथेच राहील. मग त्या वॉरंटीचं करायचं काय? घरी खोलून बघितली, तर आत सॅटा (डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये लावता येते तो जोड) नाहीच, यूएसबी थेट बोर्डवर. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये हल्ली असंच असतं. शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याने सॉकेट बदलून दिलं. सेंटरच्या एका रिक्षाभाड्यात काम झालं! पुढची डिस्क सुटी 2.5 इंची सॅटा घेणार, टाइप-सी केसिंगमध्ये. सॉकेट गेलं तर केसिंग फेकता येतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात नवं मशीन आलं आणि एक तारा कमी झाला. फाइली सगळ्या परत आल्या, पण पत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. जुनी कामं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, कुठल्याही मशीनवर मराठी दिसणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत; फॉन्ट नसेल तर मराठी नाही. फॉन्ट असतात विंडोजच्या फोल्डरमध्ये, आणि फाइल हिस्टरी तिकडे आपणहून फिरकत नाही. जुन्या मशीनवरून फॉन्ट उचलून डॉक्युमेंट्समध्ये टाकलेत, आता त्यांचीही प्रत होते. शिवाय छापून झालेल्या पत्रिकेची एक प्रत कर्व्ह करून (अक्षरांची नुसती चित्रं करून, म्हणजे फॉन्ट लागत नाही) ठेवतो.

क्लाउडचं विचाराल तर गूगलचे फुकटचे 15 जीबी जीमेल आणि फोटोंसकट असतात, आणि गिऱ्हाइकं नवरा-नवरीचे फोटो मेलवरच पाठवतात. तिथे फक्त फॉन्ट आणि चालू कामं. जास्त जागेसाठी महिन्याला पैसे भरायचं तुळशीचं लग्न झाल्यावर, पत्रिकांची गर्दी लागली की बघू.