कोल्हापुरात टाकाळ्यावरचं घरगुती पाळणाघर: दीड वर्षाचा अनुभव

माझा लेक आता अडीच वर्षांचा आहे. याच्या आधीचं पाळणाघर आम्ही तीन आठवड्यांत सोडलं. संध्याकाळी कपडे बदलताना त्याच्या दंडावर दातांचे वळ दिसले. विचारल्यावर उत्तर मिळालं, "घरीच झालं असेल." या वयाची पोरं चावतात, त्याचा राग नाही. लपवल्याचा राग मात्र अजून आहे.

इथे काकू आणि मदतीला एक मावशी. आठ मुलं, सकाळी ९ ते संध्याकाळी साडेसहा, महिना ४,००० रुपये. जेवण साधं आणि ताजं. त्याबद्दल एवढंच, कारण मला सांगायचंय ते वेगळं आहे.

मागच्या पावसाळ्यात ११:२० ला काकूंचा फोन आला. मी गोकुळ शिरगावला कंपनीत होते. "बाळ बरं आहे, रडून गप्प झालंय. व्हरांड्याच्या उंबऱ्याला पाय अडकून पडला, कपाळाला टेंगूळ आलंय. रक्त नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून धरलाय." 'बाळ बरं आहे' हे आधी आलं, म्हणून पुढचं मला ऐकू तरी आलं. मी विचारलं, येऊ का? "बघितल्याशिवाय तुमचा जीव थाऱ्यावर येणार नाही. या की."

पोचेपर्यंत तो चेंडू खेळत होता. तरी मी काकूंवर ओरडले, लक्ष कुठे होतं म्हणून. त्यांनी वाद घातला नाही. पाणी दिलं, उंबरा दाखवला, "मी चार हातांवर होते, पण पोचले नाही," म्हणाल्या. मग घरी काय बघायचं ते सांगितलं: उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, चालताना तोल जाणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त. यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. रात्री ९ वाजता आणि सकाळी पुन्हा त्यांचा फोन आला. तसं काही झालं नाही, चार दिवसांत टेंगूळ उतरलं.

दुसऱ्या वेळी गुडघा खरचटला. न्यायला सासूबाई गेल्या होत्या आणि जखमेवर हळद का दाबली नाही म्हणून चिडल्या. काकूंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. "आई, माती आत राहिली तर हळदीखाली जखम चिघळते. म्हणून आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं धुतली." सासूबाई आता घरीही आधी नळाखालीच धरतात.

काकूंकडे एक वही आहे. कधी, कुठे, काय करताना लागलं, काय उपचार केले, सगळं लिहून आपली सही घेतात. डोकं, डोळा, चावा असेल तर लगेच फोन. बारीक खरचटणं नुसतं वहीत. प्रवेशाच्या वेळीच विचारतात, "बारक्यासारक्याला फोन केलेला चालेल का?"

चावणाऱ्या मुलाचं नाव मात्र त्या सांगत नाहीत. मी फार मागे लागले होते. दोन महिन्यांनी माझ्याच लेकानं एका मुलीच्या हाताला चावा घेतला, तेव्हा तिच्या आईलाही त्यांनी नाव सांगितलं नाही. मला मात्र बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हा पटलं.

दोन गोष्टी खटकल्या. एकदा माझा फोन लागला नाही, तर त्यांनी सुजलेल्या ओठाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, खाली एक शब्दही नाही. मीटिंगमध्ये तो उघडून माझे हातपाय गळाले. तसं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. आणि उंबऱ्याला रबराची पट्टी लागायला तीन आठवडे गेले. ती दुसऱ्या दिवशीच लागायला हवी होती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

एप्रिलमध्ये एक जागा रिकामी होणार आहे. बघायला जाणार असाल तर दुपारी २ ते ४ टाळा, मुलं झोपलेली असतात. वही कशी लिहितात ते विचारा. मुलांची नावं झाकून एखादं पान दाखवतात.