तास बरोबर होते, रेट मागे जाऊन बदलला

जे लोक ताशी रेटवर काम करतात आणि ऑफिसच्या टाइम ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये टायमर लावून महिन्याचा हिशोब घेतात त्यांच्यासाठी लिहितेय. मोठं झालंय, पण आकडे सोडून सांगितलं तर काय झालं ते कळणारच नाही.

मी आर्किटेक्चरल ड्राफ्टिंग करते, म्हणजे इमारतींची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायची, रेव्हिट आणि ऑटोकॅड दोन्हींत. २०२४ मध्ये अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला एक छोटं ऑफिस होतं (आहे अजून) त्यांच्यासाठी कॉन्ट्रॅक्टवर काम घेतलं. नाव लिहीत नाही कारण प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाहीये. ऑस्ट्रेलियातल्या घरं बांधणाऱ्यांची ड्रॉइंग इथे करून द्यायची, त्यामुळे सकाळी साडेसहाला लॉगिन, तिकडे तेव्हा अकरा वाजलेले असतात. आठवड्यातले काही दिवस घरून आणि बाकी दिवस डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो, ती गर्दी काय सांगायची, सगळ्यांना माहितीये. मालक मराठी, पार्ल्याचे, बोलायला अगदी गोड, दिवाळीला घरी फराळाला बोलावणारे. आपला माणूस आहे म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. आता वाटतं की फराळापेक्षा लेखी रेट बरा.

ठरलं काय होतं ते आधी. माझा रेट तासाला ४२० होता, तो १ एप्रिलपासून ४८० करायचं सरांनी कबूल केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर तसा मेसेज आहे. दर महिन्याला ५०,००० हातात अ‍ॅडव्हान्स द्यायचे आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट काढून उरलेला हिशोब पूर्ण करायचा. आणि त्यांचा एक नियम होता की इन्व्हॉइस क्वार्टरला एकच द्यायचं, दर महिन्याला नको, अकाउंट्सच्या मॅडमना काम वाढतं म्हणे. हा नियम लक्षात ठेवा कारण सगळं याच्यावरच उभं होतं.

एप्रिलमध्ये माझे १६२ तास झाले. मॅडमनी रिपोर्टचा पीडीएफ मेल केला, १६२ गुणिले ४८०, म्हणजे ७७,७६०. मे महिन्यात १७१ तास, ८२,०८०, तोही पीडीएफ आला. सगळं व्यवस्थित. जूनमध्ये १५८ झाले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही महिन्यांचा एकत्र रिपोर्ट आला आणि खाली टोटल १,८६,५८०. मी आधी तासच तपासले, कारण आपण सगळे तासच तपासतो ना, एखाद्या दिवशी टायमर बंद करायचा राहिला का, कोणी पंधरा मिनिटं कापली का. तास एकदम बरोबर, ४९१. मग पैसे कमी कसे? भागाकार केला तर ३८०. चारशे ऐंशी नाही, जुना चारशे वीस पण नाही, तीनशे ऐंशी! आणि तो नुसता जूनला नाही, एप्रिलपासून सरसकट. एप्रिलचा तोच महिना, तेच १६२ तास, आणि आता त्याचे ६१,५६०.

फोन केला तर सर शांतपणे म्हणाले, "अगं सिस्टम जे दाखवतं तेच असतं ना, मी काय हाताने लिहितो का?" मी म्हटलं सर तुमच्याच सिस्टमचा मेमधला पीडीएफ माझ्याकडे आहे त्यात ४८० आहे. तर म्हणे तेव्हा सिस्टममध्ये ग्लिच होता, आता करेक्ट झालाय. दुसऱ्या दिवशी कारण बदललं, क्लायंटने रेट कमी केला म्हणून आपल्यालाही कमी करावा लागला, सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं, आपण एक फॅमिली आहोत वगैरे.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण मला स्वतःला हे नंतर एका मैत्रिणीने समजावलं, ती दुसऱ्या ठिकाणी हेच सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन म्हणून सांभाळते. क्लॉकिफाय घ्या, टॉगल घ्या, थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच प्रकार असतो. प्रत्येक माणसाच्या नावापुढे दोन रेट टाकता येतात, एक बिलिंग रेट म्हणजे क्लायंटला लावायचा आणि दुसरा कॉस्ट रेट म्हणजे त्या माणसाला द्यायचा. तुम्ही टायमर लावता तेव्हा साठतात ते फक्त तास. पैशाचा आकडा तिथे छापून ठेवलेला नसतो, रिपोर्ट उघडला की त्या क्षणी सॉफ्टवेअर तास गुणिले रेट करून दाखवतं. आणि अ‍ॅडमिनने रेट बदलला की सॉफ्टवेअर त्याला विचारतं, हा नवीन रेट आजपासून लावू, अमुक तारखेपासून लावू, की मागच्या सगळ्या नोंदींनाही लावू? शेवटचं निवडलं की झालं, तीन महिन्यांपूर्वीचे तासही नव्या रेटने मोजले जातात. ही सोय वाईट नाहीये, रेट चुकून ४८ टाइप झाला आणि ४८० करायचा असेल तर मागचं दुरुस्त करायला तीच लागते. सॉफ्टवेअरचा काही दोष नाही यात. पण वाण्याच्या उधारीच्या वहीत भाव खोडला तर निदान खाडाखोड तरी दिसते, इथे रिपोर्ट असा स्वच्छ येतो की जणू पहिल्यापासून ३८०च होता. आणि क्वार्टरला एकच इन्व्हॉइस या नियमामुळे एप्रिल-मेचं ४८० ने केलेलं माझं इन्व्हॉइसही त्यांच्याकडे गेलेलं नव्हतं.

कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारा ऑडिट लॉग असतो पण तो बहुतेक ठिकाणी महागड्या प्लॅनमध्ये असतो आणि छोटी ऑफिसं तो घेत नाहीत. मी मागितला तर सर म्हणाले आपल्या प्लॅनमध्ये नाहीये. माझी टाइमशीट तर अप्रूव्ह होऊन लॉक झालेली होती, मला वाटायचं लॉक म्हणजे सगळं लॉक, पण आमच्याकडे लॉक होते ते तास, मला माझ्या नोंदीत काही बदलता येत नव्हतं एवढंच. अ‍ॅडमिनचे हात मोकळेच. आणि आम्हा काम करणाऱ्यांना स्क्रीनवर रेट दिसतच नसे, फक्त तास दिसायचे, रेट कोणाला दिसावा हेही अ‍ॅडमिनच ठरवतो. मॅडम बिचाऱ्या महिन्याला पीडीएफ पाठवायच्या म्हणून तरी कळलं.

आणि "क्लायंटने रेट कमी केला" हे सरळ सरळ खोटं होतं. जुलैमध्येच एका व्हिडिओ कॉलवर तिकडच्या प्रोजेक्ट मॅनेजरने कुठल्या घराला किती तास गेले ते विचारायला स्क्रीन शेअर केली आणि समोर आमच्या ऑफिसचं जून महिन्याचं इन्व्हॉइस उघडलं. माझ्या नावापुढे २२ ऑस्ट्रेलियन डॉलर तासाला. मार्चच्या इन्व्हॉइसमध्ये २० होते, तेही त्याच फाइलमध्ये वरती दिसत होतं. म्हणजे बिलिंग रेट वाढवला आणि त्याच वेळी माझा कमी केला. २२ डॉलर म्हणजे तेव्हाचे बाराशे रुपये धरा. त्यातले किती स्वतःकडे ठेवायचे हा त्यांचा प्रश्न, ऑफिसचं भाडं आहे, लायसन्स आहेत, काम ते आणतात, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण ठरलेला रेट, झालेलं काम, आणि वर खोटं कारण, हे कसं चालवून घ्यायचं?

मी दोन्ही पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जोडून मेल केला, भाषा अगदी साधी ठेवली. त्याच संध्याकाळी माझं लॉगिन बंद. ग्रुपमधून काढलं. हे आधीच माहीत असू द्या की भांडण सुरू झालं की पहिली गोष्ट ही होते, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये जे आहे ते "नंतर काढून घेऊ" असं म्हणायला नंतर काही उरत नाही. नंतर कळलं माझ्यासारखे अजून काही जण होते, एका ताईंचा तर रेट न बदलता जवळजवळ आठवड्याभराचे तास "नॉन बिलेबल" करून टाकले होते, क्लायंटने दिले नाहीत म्हणून आम्ही देणार नाही. अहो पण त्यांनी ते काम केलं ना. क्लायंटकडून वसूल झालं की नाही यावर त्यांचा पगार ठरेल असं तर कुठेच ठरलं नव्हतं.

माझी खरी बाजू कुठे भक्कम झाली ते ऐका. आमच्या सोसायटीत एक सीए काका आहेत, त्यांच्याकडे सगळे कागद घेऊन गेले तर त्यांनी पीडीएफ बाजूला ठेवले आणि म्हणाले ऑगस्टमध्ये तुझं २६एएस बघू, म्हणजे आपल्या नावावर कोणी किती रकमेवर किती टीडीएस भरला ते दाखवणारा इन्कम टॅक्सचा उतारा. कारण माझा दहा टक्के टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापला जायचा, आणि टीडीएस नुसता पैसे देताना नाही, ऑफिसच्या हिशोबात माझ्या नावावर पैसे जमा दाखवले की तेव्हाच कापावा लागतो, दोन्हीपैकी जे आधी होईल तेव्हा. मॅडम शिस्तीच्या, त्यांनी एप्रिल संपल्यावर माझ्या नावावर पूर्ण ७७,७६० जमा दाखवून त्याचा टीडीएस मे महिन्यात भरून टाकला होता, मेचाही तसाच जूनमध्ये. एप्रिल ते जूनचं टीडीएस रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, ते भरलं गेलं आणि माझ्या २६एएसमध्ये आलं. एप्रिल ७७,७६०. मे ८२,०८०. जून ६०,०४०. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचा रेट ४८० होता हे त्यांच्याच ऑफिसने इन्कम टॅक्स खात्याला लिहून दिलेलं! सॉफ्टवेअरमध्ये मागे जाऊन बदलता आलं पण भरलेलं चलान कुठून मागे आणणार. काका एवढे खूश झाले की त्यांनी चहा परत टाकायला लावला.

दुसरं म्हणजे माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधीपासून होती. ही सरकारी पोर्टलवर फुकट होते, स्टेशनबाहेरच्या दुकानात पाचशे-हजार देऊ नका. नोंदणी असलेला छोटा धंदा असेल, आणि माझ्यासारखी एकटी ड्राफ्ट्समनही त्यात बसते, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे समोरच्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण नोंदणी काम सुरू करायच्या आधीची हवी, भांडण झाल्यावर केलेली मागच्या कामाला चालेलच असं नाही. मी समाधान पोर्टलवर (छोट्या धंद्यांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) तक्रार टाकली, तिथून ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे गेली आणि समोरच्याला नोटीस निघाली. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचं कलम ४३बी (एच) लागू झालं होतं, छोट्या धंद्याचे पैसे वेळेत दिले नाहीत तर मालकाला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, ते जेव्हा प्रत्यक्ष देतील त्या वर्षी मिळतो. कायद्याला न भिणारे मालकसुद्धा स्वतःच्या सीएला भितात हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ज्यांची नोकरी आहे, कॉन्ट्रॅक्ट नाही, त्यांचा हा रस्ता नाही, त्यांनी कामगार आयुक्तांकडे जायचं, बीकेसीला कामगार भवन आहे तिथे.

नोटीस गेल्यावर सरांचा फोन आला, आवाज परत गोड. एप्रिल आणि मेचा फरक, ३३३ तासांचे शंभर शंभर, ३३,३०० द्यायला तयार झाले पण त्याआधी "कोणतीही बाकी नाही" असं पत्र सही करून पाठव म्हणे. मी नाही दिलं. फक्त एप्रिल आणि मेपोटी मिळाले एवढंच लिहून देईन म्हटलं, कुरकुर करत तेवढ्यावर पाठवले.

आता मी काय करते ते सांगते, नवीन ठिकाणी. महिना संपला की रिपोर्ट पीडीएफ आणि सीएसव्ही दोन्हीमध्ये काढून घेते, आणि मला रेट दिसत नसेल तर अकाउंट्सवाल्यांकडून मागवते, आणि त्याला उत्तर म्हणून मेल टाकते की अमुक महिना, इतके तास, इतका रेट, इतके रुपये, यात फरक असेल तर तीन दिवसांत कळवा. स्क्रीनशॉट नुसता काढून गॅलरीत ठेवून भागत नाही, १ जुलै २०२४ पासून जो नवीन साक्ष अधिनियम आलाय त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फाइल आणि मूळ मेल डिलीट करू नका, फॉरवर्ड करून मूळ उडवू नका. रेट वाढवला असं कोणी सांगितलं तर "कुठल्या तारखेपासून आणि कुठल्या प्रोजेक्टला" हे लेखी विचारते, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये माणसाचा रेट वेगळा आणि एखाद्या प्रोजेक्टवरचा त्याच माणसाचा रेट वेगळा ठेवता येतो आणि मग प्रोजेक्टचाच चालतो, म्हणजे तुमच्या नावापुढे वाढलेला आकडा असूनही हिशोब जुन्यानेच. आणि इन्व्हॉइस दर महिन्याला, मॅडमना काम वाढो नाहीतर न वाढो.

जूनचे १५,८०० राहिलेत. जूनसाठी त्यांच्या टीडीएसमध्येही ३८० च आहे त्यामुळे तिथे माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आणि क्लायंटच्या स्क्रीनवर पाहिलेलं इन्व्हॉइस एवढंच, आणि ते इन्व्हॉइस माझ्या हातात नाही. सरांचं म्हणणं की १ जूनपासून रेट कमी केल्याचं त्यांनी तोंडी सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं. कौन्सिलची तारीख यायची आहे.